पेट्रोलच्या नळीचा जाम नट आणि गॅसची ज्योत

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

चवथ होऊन पाऊस ओसरू लागला की गोव्यातील गॅरेजांपुढे जुन्या गाड्या उभ्या राहू लागतात. त्या सुमारास वृत्तपत्रांतून टायर, वायपर आणि ब्रेक यांच्या निगेविषयी उपयुक्त सूचना येतात. परंतु टाकीपासून इंजिनापर्यंत गाडीच्या पोटाखालून जाणाऱ्या पेट्रोलच्या नळीविषयी, आणि विशेषतः तिच्या जोडावर गंजून बसलेल्या नटाविषयी, कोणी लिहिल्याचे माझ्या पाहण्यात नाही. हा नट सोडवण्याच्या आपल्याकडे सर्रास चालणाऱ्या काही रीती थेट जिवावर बेतणाऱ्या आहेत आणि त्यांच्या मुळाशी कारागिराच्या अज्ञानापेक्षा गाडीमालकाची घाई अधिक आहे, असे माझे ठाम मत झाल्यामुळे हे पत्र लिहीत आहे. फोंडा तालुक्यात मी आयुष्यभर गॅरेज चालवले आणि आता ते मुलाच्या हाती दिले आहे, त्यामुळे येथे जे लिहितो ते कामाच्या अनुभवावरून लिहितो.

गोव्याच्या हवेत लोखंड फार दिवस निरोगी राहत नाही, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, किनारपट्टीवर बारमाही खारा वारा, आणि डिचोली-सांग्याकडच्या रस्त्यांवरची तांबडी माती, जी एकदा गाडीच्या खाली बसली की ओल धरून ठेवते. त्यातही ज्या गाड्या रोज फेरीबोटीतून ये-जा करतात त्यांची अवस्था वेगळीच असते. चोडण किंवा दिवाडीच्या फेरीवर चढता-उतरताना धक्क्याच्या उतारावर साचलेले पाणी चाकांनी उडून गाडीच्या पोटावर बसते, आणि मांडवीचे तेथले पाणी भरती-ओहोटीचे, म्हणजे मचूळ असते. वरून रंग चकचकीत असलेल्या गाडीखाली दिवा धरून पाहिले तर नळीच्या जोडावरचा नट आणि नळी यांच्यातली फट गंजाने पूर्ण भरलेली दिसते. गंजाला मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा लागते; म्हणून आट्यांच्या अरुंद फटीत तो धरला की पाचर ठोकल्यासारखा बसतो. नट पोलादी आणि फिल्टरचे तोंड ॲल्युमिनियमचे असेल तर प्रकरण आणखी चिघळते, कारण दोन भिन्न धातू खाऱ्या ओलाव्यात एकमेकांना चिकटून राहिले की त्यांतील ॲल्युमिनियम झपाट्याने खाल्ले जाते आणि त्याची पांढरी भुकटी आट्यांत घट्ट दाटून बसते.

नवी गाडी असेल तर बहुतेक ठिकाणी हा प्रश्नच येत नाही, कारण आजच्या गाड्यांत नळीचे जोड प्लॅस्टिकच्या खटक्याचे असतात. प्रश्न येतो तो जुन्या गाड्यांत; आणि गोव्यात जुनी गाडी जपणारी माणसे थोडीथोडकी नाहीत. डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या आणि जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन थांबलेल्या मारुती ८०० पासून ते ॲम्बॅसिडर, पद्मिनी, जिप्सीपर्यंत आणि पोर्तुगीज अमदानीत आयात होऊन अजून कुणाच्या तरी वाड्याच्या ओसरीत उभ्या असलेल्या परदेशी गाड्यांपर्यंत सगळ्या या मोजणीत येतात. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते, म्हणून निदान तेवढ्या निमित्ताने तरी या गाड्यांच्या पोटाखाली कोणी डोकावतो.

हा जोड आताच वारंवार उघडावा का लागतो, यालाही कारण आहे. २०२३ पासून वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल पंपांवर येऊ लागले आणि आता बहुतेक ठिकाणी तेच मिळते. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते, आणि जुन्या टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षे बसलेला गाळ आणि डिंकासारखा थर सैल करते. तो सगळा मळ फिल्टरमध्ये येऊन अडकतो. परिणामी एरवी कोणी हात न लावणारा फिल्टर बदलण्याची वेळ येते आणि त्या फिल्टरच्या दोन्ही तोंडांवरचे नट, जे गाडी कारखान्यातून निघाल्यापासून कदाचित कधीच फिरलेले नाहीत, ते सोडवायला घेतले जातात. इथेनॉलच्या गुणदोषांवर बरेच लिहून झाले आहे, त्यात मी पडत नाही.

आता मूळ अडचण. हा नट एका नव्हे, दोन ठिकाणी धरलेला असतो, ही गोष्ट पुष्कळ जण लक्षात घेत नाहीत. एक म्हणजे आट्यांत. आणि दुसरे म्हणजे नटाच्या पाठीमागे, जिथून नळी त्याच्या पोटात शिरते त्या भोकात. नळीचे टोक फुलवून तिला शंकूसारखे तोंड दिलेले असते आणि नट त्या तोंडाला आत दाबून धरतो. नट मोकळा असेल तर तो नळीभोवती स्वतंत्रपणे फिरतो आणि नळी जागची हलत नाही. पण नट नळीलाच गंजाने चिकटला असेल, तर आटे सुटले तरी नट फिरताना नळीला पिळत नेतो, आणि पातळ पोलादी नळी एका बाजूने चपटी होऊन दुमडते व नंतर तिथेच फाटते. नट फिरला म्हणून समाधान मानणाऱ्या फिटरच्या हातात शेवटी नट आणि पिळवटलेल्या नळीचा तुकडा असे दोन्ही येते.

दुसरी अडचण पान्याची. साधा उघड्या तोंडाचा पाना नटाच्या प्रत्यक्षात दोनच कोपऱ्यांवर जोर देतो. हे नट मुळातच मऊ आणि बारीक असतात; त्यावर गंजाने कोपरे खाल्लेले असतात. एकदा पाना घसरला की कोपरा गेला, दुसऱ्यांदा घसरला की नट गोल झाला, आणि मग पाळी येते ती पकडीची. यासाठी वेगळा पाना मिळतो. त्याला फ्लेअर नट पाना म्हणतात. रिंग पान्याला एका बाजूने नळी आत जाईल एवढीच खाच दिलेली असते, त्यामुळे तो नटाच्या सहापैकी पाच बाजूंना धरून बसतो. त्याची किंमत काही शे रुपये आहे. पेट्रोलच्या आणि ब्रेकच्या दोन्ही नळ्यांना तो लागतो, तरीही आमच्या भागातल्या पुष्कळ गॅरेजांच्या भिंतीवर हा पाना टांगलेला दिसत नाही, याचे मला सखेद आश्चर्य वाटत आले आहे.

पान्याच्या मापाचीही एक गोम आहे आणि ती ॲम्बॅसिडरवाल्यांनी ध्यानात घ्यावी. ही गाडी मूळ मॉरिस ऑक्सफर्डच्या रचनेवरची, म्हणून तिचे जुने नटबोल्ट इंची मापाचे. पुढे इसुझूचे इंजिन आले, त्याचे नट मेट्रिक. सात-सोळांश इंची नट ११.११ मिलिमीटरचा असतो. त्यावर ११ चा पाना कित्येकदा चढत नाही, म्हणून हाताशी असलेला १२ चा लावला जातो, आणि तो जवळजवळ एक मिलिमीटर सैल बसतो. अर्धा इंची नट १२.७ मिलिमीटरचा, त्यावर १३ चा पाना चालून जातो असे वाटते, पण नट जाम असेल तर ती बारीकशी ढिलाईही कोपरा घेऊन जाते. इंची पाने म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जुन्या अवजारांत शोधले तर अजून हाती लागू शकतात, आणि नव्यापेक्षा त्यांचे पोलाद कित्येकदा सरस निघते.

आता ज्या गोष्टीमुळे हे पत्र लिहावेसे वाटले ती सांगतो. गेल्या पावसाळ्यानंतर एका ओळखीच्या गृहस्थांची जुनी गाडी दुसऱ्या एका गॅरेजमध्ये होती आणि मी त्यांच्यासोबत सहज गेलो होतो. फिल्टरवरचा नट गोल झालेला, खाली एका पत्र्याच्या डब्यात नळीतून ठिबकलेले पेट्रोल साठलेले, आणि एक तरुण फिटर गॅसच्या टॉर्चची नळी ओढत आणत होता. नट तापवला की फुगतो आणि सुटतो, हे त्याचे म्हणणे भौतिकशास्त्राच्या दृष्टीने खोटे नव्हते. सायलेन्सरच्या किंवा सस्पेन्शनच्या बोल्टाला हीच युक्ती चालते आणि चांगली चालते. पण हा बोल्ट सायलेन्सरचा नव्हता. मी बोललो, गाडीमालक बोलले, काम थांबले. आणि मग कळले की त्या मुलाला कोणी घाईस घातले होते. गाडी संध्याकाळी हवी, रात्री पेडण्याला लग्नाला जायचे आहे, असा गाडीमालकाच्याच घरून सकाळपासून दोनदा फोन आला होता. गॅरेजचे नाव मी येथे देत नाही, कारण अशी दृश्ये त्या एकाच ठिकाणी दिसतात असे नाही.

पेट्रोल उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासच्या तापमानालाही पेट घेण्याइतकी वाफ सोडते. म्हणजे गोव्याच्या हवेत उघडे पेट्रोल आणि पेटणारी वाफ या दोन वेगळ्या अवस्था नाहीतच. ही वाफ हवेपेक्षा तीन ते चार पटींनी जड असते. ती वर उडून जात नाही. जमिनीलगत पसरते, उताराने वाहत जाते, आणि गाडीखालच्या खड्ड्यात साठून राहते. हवेत तिचे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास झाले तरी ठिणगी पुरते. नळी रिकामी केली आहे, टाकी कोरडी आहे, मग ज्योत लावायला काय हरकत, असे म्हणणारेही भेटतात. पण द्रवरूप पेट्रोल जळत नाही, वाफ जळते, आणि काठोकाठ भरलेल्या टाकीपेक्षा नुकत्याच रिकाम्या केलेल्या टाकीत वाफ आणि हवा यांचे मिश्रण स्फोटाला अधिक अनुकूल असते. म्हणून पेट्रोलच्या नळीवर ज्योत नाही, ग्राइंडर नाही, ठिणग्या उडवणारी छिन्नी नाही. याला कोणताही अपवाद मी मानत नाही. इंजिन आणि टाकी गाडीतून काढून, नळी वेगळी करून, स्वच्छ धुऊन बाकावर आणली असेल तर गोष्ट निराळी, पण एवढे केल्यावर नट तापवण्याची गरजच उरत नाही, कारण तेव्हा नवी नळी घालणेच सोपे जाते.

काम घरच्या अंगणात करणाऱ्यांची संख्या गोव्यात मोठी आहे, आणि त्यांच्यासाठी एक गोष्ट मुद्दाम लिहितो. आपल्या अंगणात तुळशीवृंदावन असते आणि तिन्हीसांजेला तिथे दिवा लागतो. दुपारी सुरू केलेले काम लांबले, जोड उघडा राहिला आणि घरातले कोणी नेहमीच्या सवयीने वात पेटवली, तर जमिनीलगत पसरलेल्या वाफेला तेवढे अंतर काही मोठे नाही. काम सकाळी सुरू करावे, मोकळ्या हवेत करावे, खड्ड्यात उतरून करू नये, आणि घरच्यांना आधी सांगून ठेवावे. उजेडाला तारेचा काचेचा दिवा न घेता बॅटरीवरचा एलईडी घ्यावा, कारण पडून फुटलेल्या दिव्याची तप्त तार पुरेशी असते. कोरड्या पावडरीचे अग्निशामक नळकांडे हाताशी हवे, आणि ते नसेल तर निदान वाळूची बादली. पेट्रोलच्या आगीवर पाणी ओतले तर पेट्रोल पाण्यावर तरंगत आग पसरवते.

इंजेक्शनच्या, म्हणजे इंजिनात पेट्रोल दाबाने फवारणाऱ्या गाडीत आणखी एक काळजी आहे. कार्ब्युरेटरच्या गाडीत नळीतला दाब नगण्य असतो. इंजेक्शनच्या गाडीत तो साधारण अडीच ते तीन बार असतो, म्हणजे कारच्या टायरमधल्या हवेपेक्षा जास्त, आणि इंजिन बंद केल्यावरही तो लगेच उतरत नाही. नट अर्धा सुटताच पेट्रोलची चिळकांडी थेट डोळ्यांत जाते. त्यासाठी पंपाचा फ्यूज किंवा रिले काढून इंजिन चालू करावे, ते आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावे, मग एकदा-दोनदा स्टार्टर मारून पाहावा, आणि त्यानंतर बॅटरीचे ऋण टोक सोडवून बाजूला करावे. टाकीचे झाकण उघडून तिच्यातला दाबही मोकळा करावा. चष्मा आणि हातमोजे घालण्याबद्दल मी फिटरांशी वाद घालून थकलो आहे. निदान चष्मा तरी घालावा. आधुनिक डिझेल गाड्यांच्या दाबाच्या नळ्या या पत्राच्या विषयात येत नाहीत. तिथे दाब हजार बारच्या वर जातो, आणि ते काम त्यांचे विशेष शिक्षण घेतलेल्यांवर सोपवावे.

प्रत्यक्ष सोडवण्याचे काम बळाचे नाही, वेळेचे आहे. आदल्या दिवशी तारेच्या ब्रशने नट आणि त्याच्या मागची बोटभर नळी लखलखीत घासावी. मातीचा थर असेपर्यंत तेल आत शिरतच नाही. त्यानंतर गंज सोडवणारे पातळ तेल दोन ठिकाणी सोडावे: आट्यांच्या तोंडाशी, आणि ज्या भोकातून नळी नटात शिरते तिथे. पहिले ठिकाण सगळ्यांना सुचते, दुसरे सहसा कोणाला सुचत नाही, आणि नळी पिळली जाते ती नेमकी याच विसरण्याने. संध्याकाळी एकदा, रात्री एकदा, पहाटे पुन्हा एकदा तेल सोडावे आणि मधल्या काळात नटाला हात लावू नये. कोणते तेल, हा गॅरेजांत न संपणारा वाद आहे. डब्ल्यूडी-४० हे मुळात पाणी हटवण्यासाठी बनवलेले द्रव आहे. ते मिळाले तर वापरावे, पण खास गंज सोडवण्यासाठीची तेले त्याहून अधिक आत मुरतात. स्वयंचलित गिअरपेटीचे तेल आणि ॲसिटोन निम्मे-निम्मे मिसळूनही काही जुने फिटर काम चालवतात. ते मुरते खरे, पण ॲसिटोन रंग आणि रबर दोन्हींना खाते आणि स्वतःही झटकन पेटते, म्हणून मी त्याची शिफारस करत नाही.

दुसऱ्या दिवशी नटाच्या एका बाजूला जड हातोड्याचे डोके टेकवून समोरच्या बाजूवर लहान पितळी हातोडीने हलक्या टिचक्या माराव्यात, आणि मग बाजू बदलावी. गंजाचा थर तडकायला एवढे कंपन पुरते. पोलादावर पोलाद आपटून ठिणगी पाडण्याचे कारण नाही. यानंतर नळीवर, नटाच्या अगदी मागे, पांढऱ्या रंगाची बारीक रेघ ओढावी आणि तशीच एक रेघ तिच्या सरळ रेषेत नटावर. या दोन रेघांवर नजर ठेवून फ्लेअर नट पाना नटावर चढवावा आणि फिल्टरच्या किंवा पंपाच्या तोंडावर दुसरा पाना धरावा. दोन पान्यांच्या दांड्यांमध्ये लहानसा कोन राहील असे ते लावले की एकाच हाताच्या मुठीत दोन्ही दांड्या धरून त्या एकमेकींकडे आवळता येतात. सगळा जोर त्या दोन पान्यांतच राहतो आणि नळीवर किंवा फिल्टरच्या पट्टीवर काहीच ताण येत नाही. हे एकदा डोळ्यांनी पाहिले की कळते. कागदावर समजावताना मात्र लांबते, त्याबद्दल क्षमस्व.

नट प्रथम सोडण्याच्या नव्हे, आवळण्याच्या दिशेने केसभर फिरवण्याचा प्रयत्न करावा, आणि मग उलट. आवळताना गंजाचा थर मोडतो आणि सोडताना तो बाहेर पडायला वाट मिळते. नट पाव फेरा फिरून जड झाला तर पुढे रेटू नये. परत मागे आणावा, तेल सोडावे, पुन्हा फिरवावा. नळीवरची रेघ नटावरच्या रेघेसोबत सरकू लागली तर त्या क्षणी थांबावे, कारण आता नट नव्हे, नळी फिरत आहे. इतके सगळे करूनही ज्यांना उष्णतेशिवाय चैन पडत नाही, त्यांनी नळी रिकामी करून आणि जोडाखालचे सांडलेले पेट्रोल पूर्ण पुसून, उकळत्या पाण्यात बुडवलेले जाड फडके काही मिनिटे जोडावर गुंडाळावे. उकळत्या पाण्याची ती ऊब आट्यांना पुष्कळदा पुरते. पाणी अर्थातच आत, स्वयंपाकघरात उकळावे, गाडीशेजारी स्टोव्ह मांडून नव्हे.

आणि तरीही नट हलला नाही, तर नळी कापावी. या एका वाक्यावर माझे पुष्कळ सहव्यावसायिक नाराज होतील याची मला कल्पना आहे. आपल्याकडे नळी कापणे म्हणजे हार मानणे असे समजले जाते, आणि ती वाचवण्याच्या हट्टापायी फिल्टरचे तोंड, पंपाचे आटे, प्रसंगी गाडी, असे क्रमाने पणाला लावले जाते. वास्तविक गंजलेल्या नळीचा शेवटचा वीतभर भाग हा सगळ्या जोडातला सर्वांत स्वस्त भाग असतो. नळी कापायला हाताने फिरवण्याचा छोटा नळीकापा मिळतो, त्याने ठिणगी उडत नाही आणि काप सरळ येतो. कापल्यावर नटामागे अडथळा उरत नाही. मग त्यावर पूर्ण सहा बाजूंचा, बारा कोपऱ्यांचा नव्हे, सॉकेट चढवता येतो, आणि जो नट पान्याला दाद देत नव्हता तो सॉकेटला बहुधा देतो.

नवा तुकडा कशाचा घालावा, इथे दुसरी चूक घडते. वातानुकूलन यंत्राची तांब्याची नळी स्वस्त पडते, हाताने वाकते आणि तिला तोंडही सहज फुलवता येते, म्हणून ती घातली जाते. पण तांबे गाडीच्या कंपनांनी कडक होत जाऊन तडकते, आणि तांब्याच्या संपर्कात पेट्रोल लवकर बिघडून त्यात डिंक धरतो. नळी पोलादाची किंवा तांबे-निकेलच्या मिश्रधातूची घ्यावी आणि टोक योग्य अवजाराने फुलवून घ्यावे. नट आधी नळीत ओवायचा आणि मग टोक फुलवायचे, हे सांगण्याची गरज नसावी, पण आहे. मधला भाग रबरी होजचा करायचा असेल तर तो कार्ब्युरेटरच्या कमी दाबाच्या गाडीत आखूड तुकड्यापुरता चालतो. इंजेक्शनच्या गाडीत त्या दाबासाठी बनवलेलाच होज आणि त्याच्याच गोल कडांच्या क्लिपा लागतात. आणि होज कोणताही घेतला तरी इथेनॉल सोसणारा घ्यावा, कारण जुन्या रबराला हे पेट्रोल आतून फुगवते किंवा चिरते.

गळत्या जोडावर टेफ्लॉनची टेप गुंडाळणे ही नळकाम करणाऱ्यांकडून आलेली सवय आहे आणि येथे ती निरुपयोगी आहे. फुलवलेल्या तोंडाचा जोड आट्यांवर नव्हे, शंकूच्या पृष्ठभागावर बंद होतो. टेपचा तुटका धागा मात्र पुढे जाऊन जेट किंवा इंजेक्टर चोंदवतो. बॅन्जो बोल्ट, म्हणजे ज्याच्या पोटातून पेट्रोल जाते तो पोकळ बोल्ट, असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंचे तांब्याचे वायसर दर वेळी नवे घालावेत. जुने चेपलेले असतात आणि पुन्हा नीट बसत नाहीत. एम-सील लावून गळती झाकण्याबद्दल काय लिहावे? टाकीला बारीक भोक पडल्यावर धुण्याच्या साबणाची वडी घासून घरी पोहोचणारे जुने ड्रायव्हर मी पाहिले आहेत. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, म्हणून तेवढी वाट निभते. पण ते निदान दुसऱ्या दिवशी टाकी उतरवून घेत. एम-सील लावणारा मात्र काम झाले असे समजतो.

गाडीमालकांना माझे सांगणे असे की, पंधरा-वीस वर्षांच्या गाडीचा इंधन फिल्टर बदलायला देताना तिच्यासाठी दोन दिवस मोकळे ठेवावेत. नटाला रात्रभर तेल मुरायला लागते आणि ती रात्र कोणतेही कौशल्य वाचवू शकत नाही. नळीचा तुकडा बदलावा लागला तर त्याचे पैसे द्यायला कुरकुर करू नये. नट न कापता सुटला पाहिजे अशी अट घातली की कारागीर नाइलाजाने पकड आणि टॉर्च यांच्याकडे वळतो. गॅरेजच्या मालकांनी फ्लेअर नट पान्यांचा एक संच आणि एक नळीकापा ठेवावा. फर्मागुडी, आल्तिनो, बोर्डा, होंडा येथील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत मोटार मेकॅनिकचे विद्यार्थी नव्या अवजारांवर शिकतात. त्यांच्यापुढे एखादी दुपार भंगारातली खरोखर गंजलेली नळी आणि जाम नट ठेवावा, अशी माझी संबंधितांना विनंती आहे. बाजारात त्यांना बहुतेक तीच भेटणार आहे.

जोड पुन्हा बसवताना नट आधी बोटांनी निदान दोन-तीन फेरे फिरवून घ्यावा. पान्याने सुरुवात केली की आटे तिरपे बसतात आणि तेवढ्याने नवा फिल्टर वाया जातो. नटाच्या मागे, नळी आत शिरते तिथे, ग्रीसचा पातळ थर द्यावा, शंकूच्या तोंडाला मात्र लावू नये. पुढच्या वेळी हाच नट पान्याच्या पहिल्या ओढीला सुटेल. अंडरकोटिंग करणारे काळा डांबरी थर सरसकट नटांवरून फासतात, त्याआधी हे ग्रीस लावून घ्यायला सांगावे, नाहीतर तो थर गंज झाकतो एवढेच. काम झाल्यावर इंजिन चालू ठेवून जोडाभोवती कोरडा कागद फिरवून पाहावा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन थंड असताना, पुन्हा एकदा.

नळी कापली असेल तर कापलेला तुकडा मालकाने फिटरकडून मागून घ्यावा आणि त्याच्या आत उजेड टाकून पाहावे. आतली बाजू स्वच्छ, पोलादी रंगाची असेल तर गंज बाहेरचाच होता आणि तेवढा तुकडा बदलून भागते. आत तांबूस पापुद्रे दिसले, तर टाकीत पाणी उतरले आहे असे समजावे. मग टाकी उतरवून धुणे आणि पूर्ण नळी टाकीपासून इंजिनापर्यंत नवी घालणे हाच मार्ग, आणि तो खर्च पुढच्या पावसाळ्याआधी करावा.

आपला विश्वासू,
एक वाचक (नाव प्रसिद्ध करू नये ही विनंती)
कवळे, फोंडा